पाठमोरे महाराज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते आमच्या गावच्या महाराजांचे. आईवडिलांनी केलं त्याला मी उपकार म्हणत नाही. ते त्यांनी स्वतःच्या लेकरासाठी केलं. महाराजांची मी कुणीच लागत नव्हते. शिवाय मी जे करत होते ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं, आणि आजही नाही.

ते कीर्तनकार. आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या रस्त्याला. आसपासच्या गावांत कुठेही सप्ताह बसला की सातांपैकी एक दिवस त्यांचा ठरलेला. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे, मीही इथे नाव लिहीत नाही. उंच, सडपातळ, आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला माइक बंद पडला तरी कळायचं नाही. कीर्तनाचा पहिला तास ऐकताना माणूस स्वतःला विसरायचा. दुसऱ्या तासात ते कपड्यांवर यायचे. अभंग कुठलाही असो, विषय नामाचा असो की वैराग्याचा, वाट फिरून फिरून कपड्यांपाशी यायचीच.

त्यांचा विशेष राग पॅन्टच्या मोहरीवर, म्हणजे पायाशी पॅन्ट संपते तिथल्या घेरावर. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. महाराज स्वतः ज्वारीचं पोतं सायकलीवर घेऊन यायचे आणि दळण होईपर्यंत दारातल्या दगडावर बसायचे. वडील त्यांच्या भजनी मंडळात टाळकरी, त्यामुळे थोडी सलगी होती. एकदा वडिलांनी विचारलं, "महाराज, तुमी तरणे होता तवा रुंद मोहरीवर बोलायचा. मंग बारकी आली तर बारकीवर बोललाव. आता पोरं पुन्हा रुंद घालायलीत. आता काय करता?"

"आता पुन्हा रुंदीवर बोलायचं," महाराज म्हणाले. "मी हाय तिथंच हाय. मोहरीच मागंपुढं व्हायली."

वडील हसले तसे तेही हसले. मग म्हणाले, "माझं म्हणणं लई मोठं न्हाई. माणूस येऊन गेला अन् त्याचं कापडच ध्यानात राहिलं, तर माणूस कुठं गेला?"

हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. पुढे त्यातली अडचणही दिसायला लागली. त्यांचं स्वतःचं कापड सगळ्या तालुक्याच्या ध्यानात होतं. दुधासारखं धोतर, खळ घातलेला नेहरू शर्ट, आणि फेटा. फेटा बांधायला त्यांना अर्धा तास लागायचा. आरशासमोर एकदा बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. त्यांच्या बायकोला आम्ही माई म्हणायचो. माई ओट्यावरून मोठ्यानं म्हणायच्या, "बायांना आरसा कशाला पायजे म्हून कीर्तनात इचारत्यात, अन् घरातला आरसा ह्यांच्याच तावडीत."

माईंना ते कधी जिंकू शकले नाहीत. गावातल्या बायका दिवसा मॅक्सी घालून दळणाला येतात यावर त्यांनी एक पूर्ण कीर्तन खर्च केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माई मॅक्सी घालून, वर टॉवेल घेऊन, दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत आल्या. वडील डब्याकडे बघायचं सोडून जात्याकडे बघत राहिले. माई म्हणाल्या, "बघू नका तसं. त्यांना म्हनलं, नऊवारी नेसून दोन महिने चूल फुका, भांडी घासा, मंग बोला. गप बसले."

पुरुषांनाही ते सोडत नव्हते. कानात बाळी घातलेली, दाढीत रेघा काढलेली पोरं पुढच्या रांगेत बसली की म्हणायचे, "बाळांनो, मागं बसा. तुमच्याकडं बघून माझा ताल चुकतो." पोरं हसत मागे जायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुढे येऊन बसायची. पुरुषांचं एवढ्यावर भागायचं. बायकांविषयी ते बोलले की घरोघरी त्याचा काही ना काही परिणाम व्हायचा. हा फरक त्यांच्या ध्यानात येत नव्हता असं मला वाटतं.

मी बारावी झाले आणि पोलीस भरतीची तयारी सुरू केली. आमच्या भागात भरतीची तयारी म्हणजे पहाटे रस्त्यावर पळणं. मुलींना आठशे मीटर. कॅनॉलच्या पुलापासून एका वाकड्या बाभळीपर्यंतचं अंतर वडिलांनी दोरीनं मोजून दिलं होतं, चारशे भरलं. जाऊन यायचं, झाले आठशे. अंगात ट्रॅक पॅन्ट आणि भावाचा टी-शर्ट. गावात पळणारी मी एकटीच मुलगी होते. वडिलांना अभिमान होता. दळणाला आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे.

त्या वर्षी आमच्याच गावच्या सप्ताहात महाराजांचं कीर्तन होतं. दुसऱ्या तासात ते म्हणाले, "पूर्वी पहाटं काकड्याचा आवाज यायचा. आता बुटांचा येतो. लेकी पॅन्ट घालून रस्त्यानं पळायल्यात, अन् बाप कौतुकानं बघायलेत."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मंडपातली सगळी तोंडं टाळकऱ्यांच्या रांगेकडे वळली. वडील तिसऱ्या जागी उभे होते. त्यांच्या हातातले टाळ एकमेकांजवळ आले, पण वाजले नाहीत.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्यापून पळू नको."

मी म्हणाले, "भरतीला पाच महिने राहिलेत, बाबा."

"ते मला कळतंय. पण मी तिथं टाळ घेऊन उभा ऱ्हातो. त्यांच्या मागं उभं ऱ्हायचं अन् त्यांचा शब्द मोडायचा, हे मला जमत न्हाई."

भरती नाही तर लग्न, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. घरात तोपर्यंत कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी रडले नाही. सकाळी उठून सरळ महाराजांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून पखवाजाला कणीक लावत होते.

"महाराज, मी पळायचं बंद करू का?"

त्यांनी मान वर केली नाही. "मी पळायला न्हाई म्हनलो का?"

"मग?"

"कापडाला म्हनलो. पूर्वीच्या बाया पळत नव्हत्या का? वासरू सुटलं की काष्टा मारून कोसभर जायच्या. त्यांनी पॅन्ट घातलती का?"

मला वाटलं, वाट सापडली. आता हसू येतं, पण तेव्हा आम्हा सगळ्यांना, महाराजांनासुद्धा, हा तोडगा अगदी बरोबर वाटला होता. माईंनी स्वतःचं जुनं लुगडं काढलं, मला काष्टा घालून दिला, कमरेला गच्च आवळला. वडिलांचीही हरकत उरली नाही. दुसऱ्या पहाटे मी नऊवारी लुगडं आणि खाली बूट अशी पुलावर उभी राहिले. जाताना ठीक गेले. येताना वेग धरला, काष्टा सैल झाला, बुटाखाली लुगड्याचा घोळ आला आणि मी खडीवर पालथी पडले. हाताचं कोपर सोललं, हनुवटी फुटली. तिथे तीन टाके पडले. खूण अजून आहे.

माईंनी महाराजांना काय सुनावलं ते अख्ख्या आळीनं ऐकलं. "तुमी नेसून पळून दाखवा एकडाव. न्हाई तर त्या लेकराला पुन्हा शिकवू नका."

 दोन दिवस महाराज गिरणीकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, दळण न घेता आले. वडिलांना म्हणाले, "पोरीला उद्या पहाटं पुलावर पाठीव. मी हाय तिथं."

मी आतून विचारलं, "काय घालून येऊ?"

"मला काय इचारतीस? मी कुठं बघणार हाय?"

मला वाटलं बोलायची रीत असेल. पण दुसऱ्या दिवशी ते खरोखर पुलाच्या कठड्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले होते. तोंड कॅनॉलच्या पाण्याकडे. उजव्या हातात चावीचं जुनं घड्याळ, डावा हात मांडीवर. मी ट्रॅक पॅन्टमध्ये त्यांच्या मागे येऊन उभी राहिले तर म्हणाले, "आलीस का? पळ."

मी पळाले, परत आले. ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "जाताना लई घाई करतीस. बाभळीपाशी वळलीस अन् लय मोडली. तिथून पुढं उजवा पाय उशिरा पडतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कान हायेत की. पखवाज वाजवणाऱ्याचं बोट थकलं तर मला समोर बघावं लागतंय का?"

पाच महिने ते रोज आले. घड्याळ हातात असायचं, पण भरवसा कानावर. डाव्या हाताची बोटं मांडीवर चालायची. ते जे सांगत ते सगळं कीर्तनातलं असायचं. सुरुवात संथ धर, मधे चढव, शेवटाला दम राखून ठेव. पहिल्यालाच सगळा आवाज लावला तर गजर कशानं करशील? मी एकदा म्हणाले, भरतीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं आहे. ते म्हणाले, "पुस्तकवाल्यानं तुझा पाय ऐकला का?"

पहाटे दुधाचे कॅन घेऊन जाणारे लोक गाडी हळू करायचे. एकानं विचारलं, "माउली, हितं कावून बसलाव? अन् त्वांड तिकडं?"

"ऐकायलोय."

"काय ऐकायलाव?"

"तुझी गाडी पुढं गेली की ऐकू येईल."

कीर्तनात बोलणारे महाराज स्वतःच पुलावर बसले म्हटल्यावर मला बोलणारं गावात कुणी उरलं नाही. चौथ्या दिवशी वडील आले. ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, महाराज पाण्याकडे तोंड करून बसले. दोघं एकमेकांशी दळणाचं बोलत होते.

त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी वेगात आले, मंदावले, एकदा पाय मुरगळून खाली बसले, तेव्हाही नाही. तेव्हा फक्त म्हणाले, "कुणी हाय का तिकडं, पोरीला हात द्या." त्यांच्या त्या पाठीला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यात माझा मान होता की माझा धिक्कार होता? बहुतेक दोन्ही होतं. त्यांना मला पळू द्यायचं होतं आणि स्वतःचा शब्दही मोडायचा नव्हता. दोन्ही साधायला त्यांच्यापाशी पाठ फिरवणं एवढाच मार्ग होता.

त्याच दिवसांत त्यांनी दुसऱ्या एका गावात पुन्हा मुलींच्या पॅन्टवर कीर्तन केलं. मला कळलं तेव्हा मी पुलावर विचारलं, "महाराज, इथे माझी वेळ मोजता आणि तिकडे तसं बोलता?"

 ते पाण्याकडेच बघत म्हणाले, "तिथं मी समद्यांसाठी बोलतो. हितं तू एकटी हायेस."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपल्यासाठी त्यांनी वेगळा न्याय ठेवला, याचा आनंद झाला. तिकडच्या गावातही एखादी मुलगी पळत असेल आणि तिच्या पुलावर कुणी बसलेलं नसेल, हे माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला फक्त माझी भरती दिसत होती.

भरतीचं मात्र वेगळंच झालं. मैदानावर आधी उंची मोजली. अर्धा सेंटिमीटर कमी भरली. पळायची वेळच आली नाही. घरी वडिलांनी माझी उंची गिरणीच्या चौकटीला उभं करून मोजली होती, ती बुटांसकट. महाराजांनी हे ऐकलं आणि वडिलांकडे बघत राहिले. "पोतं काट्यावर घेताना बारदान वजा करतोस का न्हाई?"

"करतो की."

"मंग लेकीचे बूट वजा करायला काय झालतं?"

वडील खजील झाले, आणि आठवड्याभरात त्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली. महाराज पुन्हा गिरणीत आले. म्हणाले, "एक ठोका चुकला म्हून कुणी कीर्तन सोडून जात न्हाई. पाच महिने मी कान लावलाय, तो वाया घालवू नको. कॉलेजात खेळाचं शिकवत्यात म्हनं. पोरीला घाल तिथं."

गेवराईच्या कॉलेजात आम्ही तिघं गेलो. मी, वडील आणि फेटा बांधून महाराज. खेळाच्या मॅडम ट्रॅक सूटमध्ये होत्या, केस कापलेले. महाराज खुर्चीवर तिरपे बसले आणि सगळा वेळ खिडकीशी बोलत राहिले. मॅडमना काही कळेना. निघताना ते दारात थांबले आणि खिडकीलाच म्हणाले, "हिचा उजवा पाय उशिरा पडतो. तेवढं बघा."

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. पुढे खेळाच्या शिक्षणाची पदवीही घेतली. आता धारूरच्या बाजूला, डोंगराच्या कडेला एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे असतो.

या वर्षी आठवीत एक मुलगी आली. तिच्यासारखं पळणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. खांबापाशी वळताना ती वेग सोडत नाही, जे मला पाच महिन्यांत जमलं नव्हतं. दिवाळीच्या आधी तिनं मैदानावर येणं सोडलं. मी घरी गेले. तिचे वडील भला माणूस. त्यांनी मला चहा दिला, गळ्यात तुळशीची माळ होती. मग मोबाइल काढून एक क्लिप लावली. आवाज पहिल्या शब्दाला ओळखला.

क्लिप संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ह्यांचा शब्द आमच्या घरात चालतो. साडी-ड्रेसवर खेळती का, तर खेळू द्या. त्या पॅन्टवर न्हाई."

मी त्यांना पुलाचं सगळं सांगितलं. पाण्याकडे तोंड, हातातलं घड्याळ, पाच महिने. हनुवटीची खूण दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या हायेत, पोरीसाठी बोलताव, ते कळतंय. पण महाराजांच्या नावावर असं सांगू नका. ते असं करणारच न्हाईत."

मुलगी दाराआड उभी होती. 

दिवाळीत मी गावी गेले. महाराज थकले आहेत, पण फेटा अजून तसाच. माईंनी चिवडा दिला. मी पाया पडले, नोकरीचं बोलले, तब्येतीचं बोलले आणि परत आले. जे बोलायला गेले होते ते बोलू शकले नाही. शाळा उघडल्यावर बसून पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थरूप महाराजांस साष्टांग दंडवत.

दिवाळीत आले होते ते एक विचारण्यासाठी. पण तुमच्यासमोर आले की मी वाकते, आणि उठेपर्यंत शब्द निघून जातात. म्हणून लिहिते आहे. माईंना वाचून दाखवायला हरकत नाही.

मी आज जी आहे ती तुमच्यामुळे आहे. हे मी सगळीकडे सांगते. कपड्यांच्या बाबतीत मात्र तुमचं आणि माझं जमणार नाही. मी रोज पॅन्ट घालून मैदानावर उभी असते. मला त्याची लाज वाटत नाही, आणि तुम्ही त्याला बरं म्हणावं असा माझा हट्टही नाही.

माझ्या शाळेत आठवीची एक मुलगी आहे. तुमचं मोबाइलवर फिरणारं कीर्तन ऐकून तिच्या वडिलांनी तिचं खेळणं बंद केलं. तुम्ही मला एकदा म्हणाला होता की तिथे मी सगळ्यांसाठी बोलतो. महाराज, सगळे असे एका ठिकाणी राहत नाहीत. ते कीर्तन ज्या घरात ऐकलं गेलं, त्या घरात एकच मुलगी आहे. ती पण एकटीच आहे.

तुम्ही माझ्यासाठी काय केलं ते मी तिच्या वडिलांना सांगितलं. त्यांना ते खोटं वाटलं. तुमच्यावर त्यांचा इतका विश्वास आहे की तुमचा चांगुलपणा त्यांना खरा वाटत नाही. माझ्या वडिलांची साक्ष ते धरणार नाहीत, गावातल्या कुणाचीही धरणार नाहीत. ते फक्त तुमचं ऐकतात.

मी तुम्हाला तुमचं मत बदला म्हणत नाही. जे घडलं ते घडलं, एवढंच त्यांना सांगा. हे बाहेर पसरलं तर काही गावं तुम्हाला सप्ताहाला बोलावणार नाहीत, हे मला कळतं. पाच महिने पहाटे उठून तुम्ही माझ्यासाठी बसलात, त्यापेक्षा हे अवघड आहे. तरीही मागते आहे, कारण मागायला मला दुसरं कुणी नाही.

तालुक्याचे सामने पुढच्या महिन्यात आहेत. संघात तिची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही. तिच्या वडिलांचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. ते संध्याकाळी सातनंतर घरी असतात.